भट्टीत काय जाऊ द्यायचं नाही: भंगार निवडताना पाळायच्या गोष्टी

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत मी बरीच वर्षं चार्ज यार्ड सांभाळलं. पिग आयर्न (कच्च्या लोखंडाच्या लाद्या), रिटर्न माल (फौंड्रीतलाच पुन्हा वितळवायचा उरलासुरला माल) आणि बाहेरून घेतलेलं भंगार जिथे उतरतं, तोलून डब्यांत भरलं जातं आणि तिथून भट्टीवर जातं, ती ही जागा. एका पावसाळ्यात पत्र्याच्या गठ्ठ्यात दडलेला दुचाकीचा जुना शॉकअब्सॉर्बर तसाच भट्टीत गेला. वितळलेल्या लोखंडाखाली तो बुडाला, दोनेक सेकंद गेले, आवाज झाला आणि लोखंड वर छताच्या पत्र्यापर्यंत उडालं. चार्जिंगला, म्हणजे भट्टीत माल टाकायला, उभ्या असलेल्या मुलाचा हात कोपरापर्यंत भाजला. अंगात साधा सुती शर्ट, हातात कापडी मोजे, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो सगळा ढीग उपसायला लावला. त्यात तसेच आणखी नऊ निघाले. माल देणाऱ्याला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "साहेब, हे पण लोखंडच आहे की. वजनात बसतं म्हणून टाकलं." त्याने फसवलं नव्हतं. शॉकअब्सॉर्बर भट्टीत फुटतो हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. भंगाराचं दुकान चालवणारे, छोट्या फौंड्रीत माल घेणारे आणि वर्कशॉपचा किंवा घरचा भंगार विकणारे, या तिघांसाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: नको ती वस्तू भंगार जमिनीवर उतरताना पकडायची असते. गठ्ठा बांधला की ती दिसत नाही, आणि भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला ती दिसली तरी तोवर फार उशीर झालेला असतो.

गाडी उतरवताना

गाडी थेट जुन्या ढिगावर रिकामी करू नका. सिमेंटचा कोबा केलेली मोकळी जागा ठेवा आणि माल तिथे गुडघ्याच्या खालीच राहील असा पसरा. दिवसाउजेडी उतरवा. अंधार पडल्यावर आलेली गाडी सकाळपर्यंत तशीच उभी राहिली तरी चालेल; ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.

माल आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हे कुठून निघालं? आत काय भरलेलं असायचं? कुणी सोडवलं, कापलं? शेतावरचा नांगर, पडलेल्या घराची ग्रिल, गॅरेजचा माल यात एका प्रकारचा धोका असतो. हॉस्पिटल, कॉलेजची प्रयोगशाळा, रासायनिक कारखाना, बंद पडलेली सिमेंट किंवा कागद गिरणी यांतून आलेल्या मालात धोका वेगळा. "माहीत नाही, कुणाकडून तरी घेतलं" असं उत्तर आलं तर तो माल बाजूला वेगळा ठेवायचा, इतर मालात मिसळायचा नाही.

रेल्वेच्या फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) आणि रुळाच्या क्लिपा, गटाराची झाकणं, वीजमंडळाची तार असला माल दारातच परत करा. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि बेकायदा माल बाळगल्याबद्दल तो थेट दुकानदारावर लागू होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उघड्या राहिलेल्या गटारात उद्या आपलंच पोर पडू शकतं.

बंद आणि पोकळ वस्तू

फौंड्रीत माणसं भाजण्याचं मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

भट्टीतलं लोखंड १,४५० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. बंद वस्तूच्या आत थोडं पाणी, थोडं तेल किंवा नुसती कोंडलेली हवा असली तरी ती क्षणात फुगते. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या साधारण १,७०० पट जागा लागते, आणि तेही शंभर अंशांना. वितळलेल्या लोखंडाखाली ही जागा एकाच दिशेनं मिळते: वर, माणूस उभा असतो तिकडे.

तेव्हा हात फिरवून शोधायच्या वस्तू: शॉकअब्सॉर्बर, गाडीच्या डिकीचं झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, हायड्रॉलिक जॅक आणि सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट, आग विझवण्याचं नळकांडं, फवारणीचे आणि सेंटचे डबे. फारसं कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे दोन्ही टोकं चेपलेला पाइप. कातरीनं पाइप कापला की टोकं दाबली जातात, आत पावसाचं पाणी राहतं आणि बाहेरून तो साधी सळई वाटतो. काही मोठ्या इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असून त्यात सोडियम भरलेलं असतं. ते कापलं आणि पाणी लागलं तर पेट घेतं. नेहमीपेक्षा जाड दांड्याचा व्हॉल्व्ह दिसला तर तो न कापता बाजूला ठेवा.

नियम साधा आहे: दोन्ही बाजूंनी आरपार उजेड दिसला तरच ती वस्तू भट्टीच्या डब्यात. शॉकअब्सॉर्बर आणि जॅक ज्यांच्याकडे ते सुरक्षितपणे उघडून तेल काढण्याची सोय आहे त्यांच्याकडूनच, उघडलेल्या अवस्थेत घ्या. गॅस कटर लावून स्वतः उघडायला जाऊ नका. आत दाब असतो, आणि तेल पेटतं.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर भंगार नसतोच. १४.२ किलोचा लाल असो की १९ किलोचा निळा, तो तेल कंपनीच्या मालकीचा असतो आणि वितरकाकडे परत जातो. "रिकामा आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका. आतला गॅस वापरून संपला तरी त्याची वाफ उरते. वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या पोटात स्पंजासारखा सच्छिद्र माल भरलेला असतो, त्यात अ‍ॅसिटोन आणि त्यात विरघळलेला गॅस. तो हलवून आवाज येत नाही, म्हणून रिकामा वाटतो. ज्या गॅसवाल्याचा आहे त्याच्याकडेच तो परत गेला पाहिजे.

थिनर, पेट्रोल, सॉल्व्हंट यांचा रिकामा ड्रम हा भरलेल्या ड्रमपेक्षा घातक. भरलेल्यात पेटायला हवाच नसते, रिकाम्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. असा ड्रम गॅस कटरनं कापताना झाकण उडून माणसं गेलेली आहेत. ज्यानं ड्रम वापरला त्यानंच तो धुवून, भोकं पाडून, झाकण वेगळं करून द्यावा, अशी अट घाला.

तोफगोळे, काडतुसं आणि बॉम्बचे तुकडेही याच रांगेत येतात. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आयात केलेल्या भंगारातला दारूगोळा फुटला आणि १० कामगार ठार झाले. त्यानंतर तुकडे न केलेल्या आयात भंगारासाठी जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. पण आयात नसली तरी हा माल येतो. लष्कराची सरावाची मैदानं आपल्याकडे देवळालीला आहेत, अहिल्यानगरजवळ आहेत. तिथून वेचलेला पितळी किंवा पोलादी तुकडा कुणी आणला तर हातात घेऊ नका, ठोकून पाहू नका, "हा फुटलेला आहे" असं समजू नका. माणसं लांब करा आणि पोलिसांना फोन करा. बॉम्बनाशक पथकाचं ते काम आहे.

ओला आणि तेलकट माल

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भंगार कोरडं मिळतच नाही. म्हणून छप्पर हवं. निदान त्या दिवशी भट्टीत जाणाऱ्या मालापुरता पत्रा टाका. डब्यांना खाली भोकं ठेवा म्हणजे पाणी निथळेल. ओला माल रिकाम्या, थंड भट्टीत तळाला टाकला तर हळूहळू तापून वाळतो. तोच वितळलेल्या लोखंडावर टाकला तर उडतो. लेथचा तेलकट चुरा ढिगात आपोआप गरम होऊन धुमसतो, म्हणून तो उंच रचू नका आणि दाबून ठेवू नका.

किरणोत्सारी वस्तू: न दिसणारा धोका

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही जणांना उलट्या सुरू झाल्या, कातडी काळी पडली, केस गळाले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं पडून असलेलं गॅमा किरणांचं उपकरण लिलावात विकलं गेलं होतं. दुकानात त्याचं जाड शिसं सोलून काढलं आणि आतले कोबाल्ट-६० चे तुकडे उघडे पडले. एक कामगार दगावला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. शिशाला चांगला भाव मिळतो म्हणून ते सोललं गेलं, आणि तेच शिसं माणसांना वाचवत होतं.

त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद दवाखान्यातलं सीझियम-१३७ चं उपकरण भंगारात गेलं. आतली पूड अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण मेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद भारतातून गेलेलं होतं.

भट्टीत गेल्यावर प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटेनं जातो, हे फौंड्रीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. कोबाल्ट लोखंडात मिसळून राहतो आणि कास्टिंगबरोबर, म्हणजे ओतलेल्या वस्तूबरोबर, ग्राहकाकडे पोचतो. सीझियम वाफ होऊन धुरात जातं आणि धुळीच्या फिल्टरमध्ये साचतं. १९९८ मध्ये स्पेनच्या अल्हेसिरास भागातल्या पोलाद कारखान्यात सीझियम वितळलं आणि त्याचे अंश फ्रान्स, स्वित्झर्लंडपर्यंतच्या हवेत मोजले गेले. अमेरिशियम हा असाच आणखी एक किरणोत्सारी पदार्थ, तो स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या मळीत, जातो. म्हणजे फक्त कास्टिंग तपासून सुटका होत नाही. फिल्टरची धूळ आणि स्लॅगही तपासावी लागते.

ओळखायचं कसं? पिवळ्यावर काळ्या किंवा जांभळट रंगात तीन पाकळ्यांचं पंख्यासारखं चिन्ह ही पहिली खूण. २००७ पासून आणखी एक चिन्ह आलं आहे: लाल त्रिकोण, त्यात कवटी आणि पळणारा माणूस. तुमच्या यार्डातल्या प्रत्येक माणसाला ही दोन चित्रं दाखवा, भिंतीवर लावा. अक्षर न येणाऱ्यालाही ती कळतात. पण रंग उडालेला, पाटी निघालेली अशी वस्तूही येते. म्हणून आकाराच्या मानानं फार जड लागणारी प्रत्येक वस्तू संशयित धरा: जाड शिशाचं भांडं, बाटलीएवढा पण उचलवेना असा गोळा, कुलूप असलेली धातूची पेटी. सिमेंट, कागद, पोलाद कारखान्यांच्या टाक्यांना पातळी मोजायची यंत्रं लावलेली असतात, त्यांत सीझियम असतं. वेल्डिंगचे जोड तपासायच्या कॅमेऱ्यांत इरिडियम-१९२ असतं. काही जुन्या धूर-सूचक यंत्रांत अमेरिशियमचा बारीक ठिपका असतो.

संशय आला तर क्रम असा. हातातलं काम थांबवा. वस्तू कापू नका, सोलू नका, हलवू नका, रस्त्यावर फेकू तर अजिबात नका. माणसं लांब न्या, जागा दोरीनं अडवा, ज्यांनी वस्तू हाताळली त्यांची नावं लिहा. पोलीस आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला. त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. हाताळलेल्या माणसांना डॉक्टरकडे नेताना काय हाताळलं ते स्पष्ट सांगा. मायापुरीत सुरुवातीला हा आजार काय आहे तेच कुणाला कळत नव्हतं. थोडी मोठी फौंड्री असेल तर हातात धरायचं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र घ्याच, आणि प्रत्येक गाडीभोवती ते एकदा फिरवा. एक दूषित हीट (एका वेळी वितळवलेलं भट्टीभर लोखंड) निघाली तर भट्टी, धूळ, स्लॅग, माल सगळंच बंद करून बसावं लागतं.

लोखंड बिघडवणारे धातू

आता माणूस वाचला, पण माल रद्दी झाला, असे प्रकार. आपल्याकडच्या बहुतेक इंडक्शन (विजेच्या कॉइलनं तापणाऱ्या) भट्ट्यांना आतून सिलिकाचं अस्तर असतं. अशा भट्टीत गंधक आणि फॉस्फरस काढता येत नाहीत. जे आत टाकाल तेच बाहेर निघेल. जालन्याच्या सळई कारखान्यांना हे पक्कं ठाऊक आहे. बांधकामाच्या सळईच्या भारतीय मानकात फे ५००डी प्रतीला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्के आणि दोन्ही मिळून ०.०७५ टक्के एवढीच मुभा आहे. तेव्हा फॉस्फरसवालं जुनं शोभेचं बीड (ओतीव लोखंड), तेलकट चुरा हे मोजूनमापून.

तांबं सर्वांत चिवट. भट्टीतला ऑक्सिजन आधी लोखंडाला जाळतो, तांब्याला नाही, म्हणून एकदा विरघळलेलं तांबं परत काढायचा व्यवहार्य मार्ग नाही. पोलाद लाल तापवून लाटताना वरचं लोखंड गंजून पापुद्र्यात जातं, तांबं पृष्ठभागाजवळ साचतं, वितळतं आणि सळईला भेगा पडतात. मोटारीचं आर्मेचर, अल्टरनेटर, वायरिंग, जुना रेडिएटर काढून घ्या. तांब्याचा भाव पाहता हे काम फुकट जात नाही. फक्त तार जाळून तांबं काढू नका. प्लास्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिन हे विष असतं आणि ते आधी तुमच्या वस्तीच्या नाकात जातं. तार सोलायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या.

शिसं बिडाचा सत्यानाश करतं. टक्क्याच्या हजारांश भागातलं प्रमाणसुद्धा बिडाच्या आतले ग्रॅफाइटचे पापुद्रे बिघडवतं आणि कास्टिंग काचेसारखं तडकतं. जड असल्यानं शिसं भट्टीच्या तळाशी जातं आणि अस्तराच्या बारीक फटींतून कॉइलकडे उतरतं. चाकांच्या रिमला लावलेली समतोलाची वजनं, बॅटरीची टोकं, जुन्या रंगाचा पत्रा हे त्याचे रस्ते. रिम घेताना वजनं उपटून काढा; दोन मिनिटांचं काम.

जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा भट्टीत गेला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. मुलं म्हणतात पावसात भिजलो. पावसात भिजून नाही, धुरानं आलेला असतो तो. जीआय पत्रा थोडा थोडा घ्या, धूर ओढणारी हूड चालू असेल तरच. कार्बोरेटर आणि दाराच्या मुठी ओतीव जस्ताच्या असतात, त्या वेगळ्याच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडात गेला तर कास्टिंगला टाचणीसारखी भोकं पडतात. स्टेनलेसमधल्या क्रोमियमनं बीड इतकं कठीण होतं की मशीन शॉपमध्ये ड्रिल मोडतं. इनॅमलचे जुने टब आणि थाळ्या बोरॉन घेऊन येतात, त्याही नकोत.

ओळखण्यासाठी लोहचुंबक पुरेसा नाही. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला तो चिकटत नाही, पण ४३० ला चिकटतो. मग ग्राइंडरवर ठिणगी पाहा: साध्या पोलादाची लांब, पिवळसर पांढरी, बिडाची आखूड, लालसर, स्टेनलेसची आखूड आणि कमी. दोन आठवडे रोज पाहिलं की डोळा तयार होतो. ठिणगी पाहण्याआधी वस्तू बंद नाही आणि संशयित नाही, याची खात्री करा.

बाकीचं, थोडक्यात

बॅटऱ्या कुठल्याही रूपात लोखंडाच्या ढिगात नकोत. गाडीची शिशाची बॅटरी फोडून आम्ल गटारात सोडणं बंद करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. मोबाइल, लॅपटॉप, ई-रिक्षाच्या लिथियम बॅटऱ्या दबल्या की पेटतात आणि पाणी मारूनही पुन्हा पेटतात. त्या कोरड्या वाळूच्या बादलीत, टोकांना चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या शेडबाहेर ठेवा. संगणक, टीव्ही, सर्किट बोर्ड हे ई-कचऱ्याचे. त्यांचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

पारा ३५७ अंशांना उकळतो, म्हणजे भट्टीच्या कितीतरी आधी हवेत जातो. दवाखान्यातलं जुनं रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर, ट्यूबलाइट घेऊ नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि कपॅसिटरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन असू शकतं. भारतात त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण बंद आहे. तपासणीचा कागद नसेल तर तो ट्रान्सफॉर्मर उघडू नका आणि तेल दिव्याला, शेणीला वापरू नका. बॉयलरच्या पाइपावरचा पांढरा धागेदार लेप, जहाजाच्या इंजिनरूममधून आलेला माल यात अ‍ॅसबेस्टस असतो. तो ठोकू नका, झाडू नका. फ्रिज आणि एसीचा गॅस हवेत न सोडता काढून घेणारा मेकॅनिक गाठा. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेटतो. पूर्ण गाडी मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच न्या. तिथे एअरबॅग, सीएनजीची टाकी, तेल, बॅटरी आधी उतरवण्याची सोय असते.

निवडून काढलेल्याचं काय करायचं

बाजूला काढलेली वस्तू परत ढिगात जाऊ नये, हे अर्धं काम आहे. आमच्याकडे लाल रंगाच्या चार पिंपांवर चित्रं काढली होती: बंद वस्तू, बॅटरी, इतर धातू, संशयित. एक वही होती. तारीख, गाडीचा नंबर, देणाऱ्याचं नाव, काय निघालं. वजनातून ते कापायचं आणि पावतीवर कारण लिहायचं. सुरुवातीला तीन-चार पुरवठादार भांडले, एकाने माल देणं बंद केलं. बाकीचे महिन्याभरात स्वतःच निवडून आणायला लागले, कारण कापलेले पैसे त्यांना दिसत होते. निवडलेल्या मालाला किलोमागे थोडा जास्त भाव द्या. दंडापेक्षा हे जास्त चालतं.

निवडणाऱ्या माणसांना चामड्याचे मोजे, बूट आणि चष्मा द्या. भट्टीवर उभ्या राहणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला कोट आणि पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा. आणि नको ती वस्तू सापडवून देणाऱ्याला त्याच दिवशी शंभर रुपये हातात द्या. आमच्याकडे वहीत पहिल्या महिन्यात शॉकअब्सॉर्बरच्या सदतीस नोंदी होत्या. त्यातल्या बहुतेक त्याच मुलाच्या नावावर होत्या, ज्याचा हात भाजला होता. चार्जिंगवरून काढून त्याला आम्ही निवडणीवर घेतलं होतं.